दिवाणजींचे देणे

व्यापाऱ्याची पत त्याच्या येण्यावरून ठरत नाही, देण्यावरून ठरते. हुंडीची मुदत भरली की रक्कम चुकती करावी, शेतकऱ्याची पट्टी अडवून ठेवू नये, हे वडिलांनी आम्हांस लहानपणीच शिकविले. तरीही एक देणे आमच्या वहीत कित्येक वर्षे मांडलेच गेले नव्हते. त्याची हकीकत सभासद बंधूंच्या उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहोत.

बेळगावच्या रविवार पेठेतील आमच्या धान्याच्या पेढीवरील दिवाणजी 30 जून 2019 रोजी वयोमानामुळे निवृत्त झाले. शाल, श्रीफळ व 11,000 रुपये देऊन आम्ही त्यांचा सत्कार केला आणि आपण औदार्य दाखविले, या समाधानात राहिलो. दिवाळीच्या सुमारास त्यांचे चिरंजीव आले व संकोचाने म्हणाले, “अण्णा, बाबांच्या ग्रॅच्युइटीचं काय करायचं?”

खरे सांगावयाचे तर आम्हांस राग आला. घरच्यासारखे वागविलेल्या माणसाने आम्हांस कायदा दाखवावा! आम्ही तुटकपणे उत्तर दिले, की पेढीवर आता सातच माणसे आहेत, दहांच्या आत हा कायदा लागत नाही. शिवाय दिवाणजींनी अर्ज कोठे केला आहे?

दुसऱ्या दिवशी आमच्या कर सल्लागारांनी या दोन्ही सबबी मोडून काढल्या. 2008 साली पेढी व गोदाम मिळून आमच्याकडे अकरा माणसे होती. 1972 चा ग्रॅच्युइटी कायदा एकदा लागू झाला, की पुढे माणसे कमी झाली तरी तो सुटत नाही. अर्जाची वाट पाहणेही मालकाचे काम नव्हे. रक्कम स्वतः ठरवून तीस दिवसांत देणे हे त्याचे कर्तव्य. सत्काराचे पाकीट ही आमची खुषी. तिने देणे फिटत नाही.

आता नोकरी केव्हापासूनची धरावी? नियुक्तिपत्र आम्ही कधी दिलेच नव्हते. अखेर जुन्या रोजमेळात 1995 च्या दिवाळी पाडव्याची नोंद सापडली, आणि तीही दिवाणजींच्याच सुवाच्य अक्षरात! सेवा 23 वर्षे 8 महिन्यांची भरली. सहा महिन्यांवरील भाग पूर्ण वर्ष धरावयाचा, म्हणून 24 वर्षे. अखेरचा पगार 15,600 रुपये. त्यास 26 ने भागून दिवसाचे 600. पंधरा दिवसांचे 9,000. चोवीस वर्षांचे 2,16,000 रुपये. चार महिन्यांच्या विलंबाबद्दल दरसाल दर शेकडा 10 प्रमाणे सरळव्याज 7,200 रुपये.

रक्कम घेऊन आम्ही स्वतः त्यांच्या घरी गेलो. दिवाणजी म्हणाले, “अण्णा, मी मागितले नव्हते.” या एका वाक्याने आम्हांस जितके ओशाळे केले, तितके कोणत्याही नोटिशीने केले नसते. ज्या माणसाने चोवीस वर्षे आमचे येणे पै-पैने वसूल केले, त्याचे देणे मात्र आम्ही विसरलो होतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये आला आहे. पंधरा दिवसांचा हिशेब तोच आहे. पाच वर्षांच्या सलग सेवेची सर्वसाधारण अट कायम आहे. परंतु मृत्यू अथवा अपंगत्व आल्यास ती लागत नाही, तसेच ठराविक मुदतीच्या नेमणुकीची मुदत संपल्यासही लागत नाही. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असल्यास तो जादा भाग वेतनातच धरावा लागतो. तेव्हा पगाराची फोड करून देणे कमी करता येईल, या भ्रमात कोणी राहू नये.

बंधूंनो, प्रत्येक नोकरास नियुक्तिपत्र द्या, हजेरीपट नीट ठेवा, वारसाची नोंद वेळीच लिहून घ्या. दरवर्षी वहीपूजनापूर्वी प्रत्येकाच्या नावे पंधरा दिवसांची रक्कम बाजूस काढा. म्हणजे निवृत्तीच्या वेळी एकदम भार पडणार नाही. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत आश्रितांचे अन्नपाणी रोखणे हाही एक अतिचार सांगितला आहे. वजनमापात चोख असणाऱ्या आपल्या समाजाने या मापातही उणे पडू नये. सत्कार अवश्य करावा. पण आधी देणे द्यावे, मग शाल पांघरावी.