अंगणातील कोंबड्या आणि घरचा कुत्रा

पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. नांदोशी, किरकटवाडी, सूस, म्हाळुंगे, वाघोली अशा गावांतील रस्ते, पाणी आणि करआकारणी यांची चर्चा तेव्हापासून होत आहे. एका लहानशा बदलाकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेलेले नाही. जुन्या घरांच्या परसात आजही चार-सहा गावरान कोंबड्या चरताना दिसतात आणि कुंपणाला लागून उभ्या राहिलेल्या सोसायट्यांत व बंगल्यांत लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, बीगल, हस्की वास्तव्याला आले आहेत. घरच्या अंड्यांच्या हौसेने बंगल्याच्या आवारातच खुराडे मांडणारी कुटुंबेही आहेत. मग एखाद्या रविवारी साखळी सुटते, दोन मिनिटांत अंगणभर पिसे होतात, शेजाऱ्यांचे बोलणे बंद होते आणि ज्याने आजवर कुणाला ओरखडाही काढला नाही तो कुत्रा ‘बिघडला’ असे ठरते.

वास्तविक तो बिघडलेला नसतो. लांडग्याकडून कुत्र्याला शिकारीचा एक क्रमच वारशाने मिळाला आहे: नजर रोखणे, दबा धरून पुढे सरकणे, पाठलाग, पकड, मारणारा चावा आणि शेवटी फाडून खाणे. कुत्र्यांच्या निरनिराळ्या जाती म्हणजे माणसाने या साखळीतील काही कड्या वाढवून व काही दाबून तयार केलेले नमुने होत, अशी मांडणी अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी केली. मेंढ्या वळवणाऱ्या जातींत नजर आणि पाठलाग तीव्र राहिला, चावा मंदावला. लॅब्रॅडॉरमध्ये पकड राहिली. मारलेले पाखरू न चिरडता मालकाकडे आणून देण्यासाठीच ही जात घडवली गेली. डॅक्सहुंड बिळातील जनावरावर जाण्यासाठी, तर आपल्याकडचा कारवानी सशाच्या मागे धावण्यासाठी जोपासला गेला. यांपैकी कुणालाही कोंबडीचा राग नसतो. पण कोंबडी घाबरली की पंख फडफडवते, ओरडते आणि वेडीवाकडी धावते. पाठलागाची कळ दाबण्यासाठी याहून नेमके दुसरे काही नाही. पाठलागात कुत्र्याला जो आनंद मिळतो तोच त्याचे बक्षीस ठरतो. म्हणूनच एकदा कोंबडी मारलेल्या कुत्र्याला ती सवय सोडवणे फार अवघड जाते.

‘आमचा कुत्रा फक्त खेळत होता’ हे मालकाचे म्हणणे पुष्कळदा खरे असते. कोंबडीच्या दृष्टीने त्याने काही फरक पडत नाही. पक्ष्यांच्या शरीरात आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड वर-खाली झाले तरच हवा आत-बाहेर होते. कुत्र्याने पंजा ठेवून कोंबडीला नुसते दाबून धरले तरी ती गुदमरू शकते, अंगावर एकही दात उमटलेला नसताना. शिवाय तिची कातडी पातळ असते आणि दातांची खोल जखम पिसांखाली झाकली जाते. दिसायला धडधाकट वाटणारी कोंबडी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान टाकते ती यामुळेच. हल्ल्यातून वाचलेल्या कोंबडीची पिसे बाजूला सारून कातडी तपासणे आणि पशुवैद्याला दाखवणे, हे कुत्र्याला रागे भरण्यापेक्षा अधिक निकडीचे काम आहे.

कोंबडीही अगदी बापुडी नसते. आकाशातील घारीसाठी तिच्या जातीचा एक इशारा असतो आणि जमिनीवरून येणाऱ्या शत्रूसाठी वेगळा. पहिला ऐकताच कळप दबून बसतो, दुसरा ऐकून माना उंचावल्या जातात. पिलांची आई तर कुत्र्याच्या थेट नाकावर चोच मारते. लहान वयात असा एक प्रसाद मिळालेला कुत्रा पुढे कोंबड्यांपासून अंतर राखून चालतो, असा पुष्कळांचा अनुभव आहे. अर्थात त्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नव्हे.

मग कुत्रा आणि कोंबडी एकत्र नांदूच शकत नाहीत काय? या प्रश्नाचे उत्तर पुण्याच्या आसपासच दरवर्षी चालत येते. पावसाळा सरला की बारामती, पुरंदर, फलटण या कोरड्या भागांतील धनगरांचे वाडे मेंढरे घेऊन कोकणाच्या दिशेने निघतात आणि वाटेत मोकळ्या रानांत उतरतात. घोड्याच्या पाठीवरील बिऱ्हाडावर कोंबड्या बसलेल्या असतात. कधी कोकरांच्या शेजारी कुत्र्याची पिलेही. मुक्काम पडला की हे सारे एकाच जागी उतरते. लांडग्याचा वास येताच अंधारात धावून जाणारे कुत्रे दिवसा हातभर अंतरावर दाणे टिपणाऱ्या कोंबड्यांकडे बहुधा मान वळवूनही पाहत नाहीत. त्यांना कुणी शिकवणी लावलेली नसते. डोळे उघडल्यापासून कोंबडी ही त्यांच्या जगाचा भाग असते. जो कुत्रा घरचेच जित्राब मारतो त्याला अशा बिऱ्हाडात जागा राहत नाही. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या निवडही होत गेली असणार.

या ‘डोळे उघडल्यापासून’ला शास्त्राचा आधार आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी संशोधकांनी कुत्र्यांच्या पिलांवर दीर्घकाळ काम करून १९६५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिलू ज्यांच्या सहवासात येते त्यांना ते आपले मानू लागते, हा त्यातील महत्त्वाचा निष्कर्ष. भारतात २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिलू विकता येत नाही. ते योग्यच आहे. पण याचा अर्थ असा, की शहरातील मालकाच्या हाती या काळातले जेमतेम चार आठवडे उरतात, आणि नेमके तेव्हाच लसीकरण पूर्ण व्हायचे असल्याने पिलू घराबाहेर नेले जात नाही. घरच्याच आवारात निरोगी कोंबड्या असतील तर हे चार आठवडे वाया घालवू नयेत. पिलाला कडेवर घेऊन खुराड्याजवळ रोज थोडा वेळ बसले तरी पुष्कळ काम होते.

ही ओळख किती दूरवर नेता येते याचे एक उदाहरण ऑस्ट्रेलियात पाहायला मिळाले. व्हिक्टोरिया राज्यातील वॉर्नाम्बूल शहराजवळच्या मिडल आयलंडवर कोल्ह्यांनी छोट्या पेंग्विनांचा जवळपास फडशा पाडला होता. तिथला एक कोंबडीपालक आपल्या मोकळ्या कोंबड्यांच्या राखणीसाठी मरेमा जातीचे इटालियन कुत्रे ठेवत असे. हेच कुत्रे पेंग्विनांसाठी वापरावेत ही कल्पना त्याच्याकडून आली. २००६ मध्ये ते बेटावर नेले गेले आणि पेंग्विनांची संख्या पुन्हा वाढू लागली. मात्र मरेमा ही शतकानुशतके मेंढ्यांसोबत राहिलेली जात आहे. तिचे कौतुक वाचून फ्लॅटमध्ये वाढलेल्या हस्कीकडून तीच अपेक्षा ठेवणे म्हणजे कोंबड्यांच्या जिवाशी खेळ.

मोठ्या वयाच्या कुत्र्याची ओळख करून द्यायची तर दिवस नव्हे, आठवडे मोजावे लागतात. कोंबड्या जाळीच्या आत, कुत्रा पट्ट्याला आणि दोघांत भरपूर अंतर, अशी सुरुवात करावी. कोंबड्यांकडे पाहून त्याने पुन्हा मालकाकडे पाहिले की लगेच खाऊ द्यावा. काही दिवस हे सुरळीत झाले की अंतर थोडे कमी करावे. जाळीबाहेर कोंबडी मोकळी असताना पट्टा सोडण्याचा विचार सर्वांत शेवटी, तोही ‘ये’ आणि ‘सोड’ हे दोन शब्द कुत्रा कोणत्याही गडबडीत पाळत असेल तरच. शेपूट हलते आहे एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. तोंड मिटलेले, अंग ताठरलेले, मान खाली आणि नजर एकाच कोंबडीवर खिळलेली, हा धोक्याचा क्षण. त्या वेळी न ओरडता कुत्र्याला शांतपणे दूर न्यावे. मारलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधून ठेवण्याचा जुना उपाय अनेक देशांत सांगितला जातो. तो क्रूर आहेच, पण निरुपयोगीही आहे, कारण तासाभरापूर्वीचे कृत्य आणि आताची शिक्षा यांची सांगड कुत्र्याला घालता येत नाही. काही कुत्रे कितीही शिकवले तरी निवळत नाहीत. ते मान्य करून कायमचे भक्कम कुंपण घालणे, यात मालकाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

दात आणि पंजे यांच्या पलीकडचाही एक हिशेब आहे. कुत्रे कोंबड्यांची शीट चवीने खातात. तीतील साल्मोनेलासारख्या जिवाणूंनी कुत्रा स्वतः आजारी पडेलच असे नाही, पण तेच तोंड मग घरातील लहान मुलाचा चेहरा चाटते. काही कोंबडीखाद्यांत रक्ती हगवणीविरुद्ध मोनेन्सिनसारखी औषधे मिसळलेली असतात. ती कुत्र्याला घातक ठरू शकतात. खाद्याचे पोते बंद डब्यात ठेवावे. बर्ड फ्लूचा विचारही आवश्यक आहे. भारतातील त्याचा पहिला मोठा उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये राज्यात तो पुन्हा आढळला. कुत्र्याला या विषाणूची बाधा होणे दुर्मीळ आहे, पण अशक्य नाही. थायलंडमध्ये २००४ साली बाधित बदक खाल्लेला एक कुत्रा दगावला होता. म्हणून आपोआप मेलेली कोंबडी कुत्र्यापुढे टाकू नये, आणि एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या तर पशुसंवर्धन खात्याच्या दवाखान्याला कळवावे.

राहता राहिले बाहेरचे कुत्रे. शिकवलेला घरचा कुत्रा आणि रस्त्यावरची टोळी यांत कोंबडीला फरक करता येत नाही. घरच्या कुत्र्याला सरावलेली कोंबडी परक्या कुत्र्यालाही वेळेवर घाबरत नाही, ही या मैत्रीची एक गैरसोयच म्हणायची. अंधारात कोंबडीला फारसे दिसत नाही आणि ती बसल्या जागेवरून हलत नाही. रानमांजर आणि भटकी कुत्री हीच वेळ साधतात. तेव्हा दिवस मावळण्यापूर्वी कोंबड्या मोजून खुराड्यात घ्याव्यात, जाळी जमिनीखाली वीतभर पुरलेली असावी आणि दाराला नाकाने उचलली जाणार नाही अशी कडी असावी.