विश्लेषण : बाल्कनीत फुले भरपूर, मग फुलपाखरे का नाहीत?

रोपवाटिकेतून आणलेली रोपे रुजतात, फुलतात, बाल्कनी रंगांनी भरून जाते. पण फुलपाखरे, मधमाश्या किंवा शिंजीर तिकडे फिरकत नाहीत, असा अनुभव शहरांतील अनेक बागप्रेमींना येतो. याचे कारण केवळ प्रदूषण किंवा उंच इमारती नाही. कोणते फूल निवडले, त्याच्या पाकळ्या कशा आहेत आणि पानांवर काय फवारले, यावर बरेच काही ठरते.

फुलाच्या रंगाचा आणि आकाराचा काय संबंध?

मधमाशीला लाल रंग जवळपास दिसत नाही. निळा, जांभळा, पिवळा हे रंग आणि माणसाला न दिसणारे अतिनील किरण तिला दिसतात. त्यामुळे तुळस, सब्जा, सूर्यफूल यांवर तिची वर्दळ असते. फुलपाखराला बसायला जागा आणि लांब सोंड घालता येईल अशी अरुंद नळी लागते. एक्झोरा, पेंटास, झिनिया ही फुले त्याला सोयीची. शिंजिराला मात्र लाल रंग चांगला दिसतो आणि त्याची बाकदार चोच जास्वंद, हॅमेलिया यांच्या नळीत सहज जाते. रातराणी, निशिगंध यांसारखी पांढुरकी, रात्री दरवळणारी फुले पतंगांसाठी असतात.

गेंदेदार फुले निरुपयोगी का ठरतात?

अनेक पाकळ्यांच्या जास्वंदीत किंवा गुलाबात पुंकेसरांचेच रूपांतर पाकळ्यांत झालेले असते. त्यामुळे परागकण कमी मिळतात आणि पाकळ्यांच्या गर्दीत मकरंदाची वाटही बंद होते. फूल दिसायला भरगच्च, पण कीटकाच्या दृष्टीने रिकामे. त्याच जातीचे एकेरी पाकळ्यांचे, गावठी वाण अधिक उपयोगी.

फक्त फुले लावून का भागत नाही?

फूल हे फुलपाखराचे खाणे झाले. त्याच्या अळीला पाने लागतात, तीही ठरावीक झाडांचीच. मादी त्याच झाडावर अंडी घालते. लिंबू आणि कढीपत्त्यावर ‘कॉमन मॉरमॉन’ वाढते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले ‘ब्लू मॉरमॉन’, म्हणजेच राणी पाकोळी, हेही लिंबाच्याच कुळावर अवलंबून आहे. रुईवर ‘प्लेन टायगर’ येते. रुईच्या चिकातील विष अंगात साठवल्याने पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. ‘रेड पिएरो’ची अळी पानफुटीच्या जाड पानात शिरून आतला गर खाते. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या ओवळेकर वाडीत शेतजमिनीवर फुलपाखरू उद्यान उभे राहिले, तेही मकरंदाच्या फुलझाडांसोबत अळ्यांची खाद्यझाडे लावूनच.

फवारणीने नेमके काय होते?

कढीपत्त्याची पाने कुरतडलेली दिसली की औषध मारले जाते आणि पुढच्या काही दिवसांत फुलपाखरू झाली असती ती अळी मरते. आंतरप्रवाही कीटकनाशके तर झाडाच्या रसातून मकरंदात आणि परागकणांत पोहोचतात. मधमाश्यांच्या धोक्यामुळेच युरोपीय महासंघाने २०१८ मध्ये तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी घातली. रोपवाटिकेतील रोपांवरही फवारणी झालेली असू शकते, त्यामुळे रोप घेताना विचारून घेणे बरे. पक्ष्यांनाही याची झळ बसते. शिंजीर स्वतः मकरंद पितो, पण पिलांना कीटक आणि कोळी भरवतो.

घाणेरी लावावी का?

घाणेरीवर फुलपाखरांची झुंबड उडते, हे खरे. पण ही मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील वनस्पती. पक्षी तिची फळे खाऊन बिया दूरवर पसरवतात आणि भारतातील जंगलांत तिने स्थानिक झाडोऱ्याची जागा बळकावली आहे. पेंटास आणि एक्झोरा असताना ती मुद्दाम लावण्याची गरज नाही.

कमी जागेत काय करता येईल?

ऊन येणाऱ्या बाल्कनीत पाच कुंड्या पुरतात : कढीपत्ता, पानफुटी, तुळस, पेंटास आणि एकेरी जास्वंद. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नयेत, काही मधमाश्यांसाठी ठेवाव्यात. वांगी-टोमॅटो लावले असतील तर भुंग्याला हुसकावू नये. या फुलांतील परागकण जोरदार कंपनाने बाहेर पडतात. ते काम भुंगा करतो, मधमाशीला जमत नाही. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी छोटी अळी आढळली तर तिला राहू द्यावे. अंड्यापासून फुलपाखरू होण्यास साधारण महिनाभर लागतो आणि तेवढ्यात खाल्लेली पाने चांगल्या वाढलेल्या झाडाला पुन्हा फुटतात.