शिंक, फुगडी आणि डिडक्टिबल

मंडळी, सुरुवातीलाच एक कबुली देते. गेल्या वर्षी मंडळाच्या मंगळागौरीच्या खेळांतून मी 'गुडघा दुखतो' असे सांगून नाव मागे घेतले होते. माझे गुडघे उत्तम आहेत. (श्रावणातल्या मंगळवारची गौर आपण शनिवारी शाळेच्या कॅफेटेरियात पुजतो, तेवढे देवी चालवून घेते. माझे एवढेसे खोटेही घेईल अशी आशा आहे.)

झाले असे, की दुसऱ्या तालमीला एका मैत्रिणीच्या बेसमेंटमध्ये आम्ही बाराजणी जमलो होतो. गाणी झाली, बसफुगडी झाली, मग उभ्या फुगडीने वेग घेतला आणि चौथ्या-पाचव्या गिरकीला माझ्या लक्षात आले की आपले कपडे ओले होत आहेत. गडद रंगाची सलवार होती म्हणून निभावले. दहा मिनिटे बाथरूममध्ये बसले, बाहेर आले आणि गुडघा धरला. माझा मुलगा तेव्हा दहा महिन्यांचा होता. शिंक आली किंवा त्याला कार सीटसकट उचलले की थोडे होते, हे मला आधीपासून ठाऊक होते. 'बाळंतपणानंतर व्हायचेच' असे म्हणून मी पॅड वापरत होते आणि मीटिंगच्या आधी पाणी पीत नव्हते.

मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग केले आणि गेली बारा वर्षे सॉफ्टवेअर लिहिते. तेव्हा हा लेख सल्ला म्हणून वाचू नका, एका पेशंटची हकिगत म्हणून वाचा. पण एखादी गोष्ट बिघडली की ती कशी चालते हे आधी समजून घ्यायचे, ही आमची धंद्यातली खोड आहे.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी डॉक्टरांची एक भेट होते, तशी माझीही झाली. रक्तदाब ठीक, टाके भरले, गर्भनिरोधनाचे काय ठरवले, अभिनंदन! दहा मिनिटांत सगळे आटोपले. लघवी सुटते का, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे एकॉगने, 2018 सालीच म्हटले आहे की बाळंतिणीशी पहिल्या तीन आठवड्यांत संपर्क व्हावा आणि बारा आठवड्यांच्या आत तिची संपूर्ण तपासणी व्हावी. पण आपण तोंड उघडले नाही तर कागदावरच्या शिफारशीचा काय उपयोग?

आता यंत्रणा कशी असते ते सांगते. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. पुढे जांघेच्या मधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत ती ताणलेली असते आणि मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय तिच्यावर विसावलेले असतात. इथे तिला पेल्व्हिक फ्लोअर म्हणतात. पोट हा एक डबा समजा. झाकण म्हणजे श्वासपटल, पुढच्या बाजूला पोटाचे खोलवरचे स्नायू, मागे कण्यालगतचे, आणि बूड म्हणजे ही झोळी. श्वास घेतला की झाकण खाली येते आणि बूडही किंचित खाली जाते, श्वास सोडला की दोन्ही वर येतात. शिंकताना, खोकताना, उडी मारताना डब्यातला दाब एकदम वाढतो. तो झेलायला बूड वेळेवर आवळले गेले नाही तर लघवी सुटते.

नऊ महिने या झोळीवर ओझे असते आणि प्रसूतीच्या वेळी तिचे काही तंतू मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त ताणले जातात. हातापायाचा स्नायू इतका ताणला गेला असता तर आपण प्लास्टर घालून बसलो असतो! सिझेरिअन झालेल्यांना यातून पूर्ण सुटका मिळत नाही, कारण गरोदरपणाचे ओझे त्यांनीही वाहिलेले असते. बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी साधारण तिघींपैकी एकीला कमीजास्त हा त्रास असतो. आमच्या तालमीच्या बाराजणींचा हिशेब तुम्हीच करा. गंमत म्हणजे गेल्या वर्षी गुडघे दुखणाऱ्या आम्ही चौघी होतो.

तर मी फिजिओथेरपिस्टकडे गेले. ओटीपोटाच्या स्नायूंचे खास शिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्ट असतात, हेच मला ठाऊक नव्हते. पहिल्या भेटीत तिने तीन दिवसांची डायरी लिहायला सांगितली: किती पाणी प्यायले, किती वेळा गेले, कधी सुटली, तेव्हा काय करत होते. लॉग ठेवायची आम्हाला सवयच. त्यात दिसले की मी 'असू दे आधीच' म्हणून दिवसातून तेरा-चौदा वेळा जात होते. मूत्राशयाला भरायची सवयच उरत नाही अशाने.

दुसऱ्या भेटीत तिने माझ्या संमतीने आतून तपासणी केली, हातमोजा घालून, एका बोटाने. संकोच वाटतो हे खरे आहे, आणि नको म्हणायचा हक्कही आपल्याला असतो. पण त्या पाच मिनिटांत एक उलगडा झाला. 'आवळा' म्हटल्यावर मी श्वास रोखून, कुल्ले आवळून, उलट खाली जोर देत होते! म्हणजे मासिकात वाचून दोन महिने केलेला व्यायाम मी चक्क उलटा करत होते. हे व्यायाम ज्यांच्या नावाने ओळखले जातात त्या लॉस एंजेलिसच्या डॉ. अर्नोल्ड केगल यांनी 1948 साली त्यावर लेख लिहिला, तेव्हा पेशंटला आपले आवळणे काट्यावर दिसावे म्हणून एक दाबमापक उपकरणही केले होते. पुढे उपकरण मागे पडले आणि 'दिवसातून शंभर वेळा आवळा' एवढेच सांगोवांगी उरले.

बरोबर पद्धत अशी. वायू सरू नये म्हणून आपण मागून जसे आवळतो तसे आवळायचे आणि तीच ओढ पुढे आणि वर न्यायची. कुल्ले, मांड्या आणि जबडा सैल ठेवायचा. श्वास सोडताना आवळायचे, काही सेकंद धरायचे आणि मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. सैल सोडणे हा अर्धा व्यायाम आहे. काहीजणींची झोळी सैल नसून उलट फार ताठ असते. त्यांना सतत दुखते, संबंधाच्या वेळीही दुखते, आणि त्यांनी आणखी आवळत बसणे चुकीचे ठरते. म्हणून एकदा तरी जाणकाराला दाखवावे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेचे प्रमाण निदान आठ वेळा आवळणे, दिवसातून तीनदा आणि निदान तीन महिने, असे आहे. आठवड्यात फरक पडत नाही म्हणून सोडून देणाऱ्यांत मीही होते. मग एक आवर्तन सकाळच्या दुधाला बांधले, एक झोपवण्याला, आणि एक ऑफिसच्या रोजच्या मीटिंगला. कॅमेरा चालू असला तरी कोणाला कळत नाही. शिवाय लघवी मध्येच थांबवून सराव करू नये, तसे करणे बरे नव्हे.

याखेरीज एक युक्ती आहे. शिंक किंवा खोकला येतोय असे वाटताच त्याच्या क्षणभर आधी आवळायचे. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 1998 साली, सौम्य त्रास असलेल्या वयस्क बायकांवर, आठवडाभराच्या सरावाने खोकताना सुटणे कमी होते हे दाखवले होते. वयस्क हा शब्द लक्षात ठेवा, त्याकडे परत येणार आहे.

पोटाबद्दल थोडेसे. आईने सव्वा महिना माझे पोट जुन्या सुती साडीने करकचून बांधले होते. शेवटच्या महिन्यात पोटाच्या मधली पट्टी सगळ्यांचीच ताणून रुंद झालेली असते आणि पहिल्या दोनेक महिन्यांत ती आपोआप बरीच जवळ येते. माझी मात्र दहाव्या महिन्यातही अडीच बोटे होती. पट्ट्याने आधार वाटतो, सिझेरिअननंतर दुखणेही कमी होऊ शकते. पण स्नायूंचे काम पट्टा करत नाही, आणि फार करकचून बांधले तर दाब खाली झोळीवर येतो, असे फिजिओथेरपिस्ट म्हणाली. आईच्या बाकीच्या गोष्टींना तिने पूर्ण गुण दिले: विश्रांती, जड न उचलणे, बद्धकोष्ठ होऊ न देणे. कुंथण्याने झोळीचे फार नुकसान होते. ती कमोडसमोर पायाखाली स्टूल ठेवायला सांगू लागली तेव्हा मला हसू आले, कारण ती आपली भारतीय बैठकच! उठाबशा घाईने सुरू करू नयेत. पोटाच्या मधोमध उंचवटा येत असेल तर तो व्यायाम अजून तुमच्यासाठी नाही. पळणे तीन महिन्यांच्या आत नकोच.

आता पैसे. माझा मुलगा ऑक्टोबरच्या सुरुवातीला झाला. हॉस्पिटलच्या बिलात वर्षाचे डिडक्टिबल तर संपलेच, आउट-ऑफ-पॉकेटची कमाल मर्यादाही गाठली गेली. म्हणजे 31 डिसेंबरपर्यंत, आमच्या पॉलिसीच्या नेटवर्कमधली फिजिओथेरपी मला फुकट होती. मी गेले पुढच्या ऑगस्टमध्ये, तोवर जानेवारीत काटा पुन्हा शून्यावर आला होता. पहिल्या भेटीचे 260 डॉलर, पुढच्या सात भेटींचे प्रत्येकी 150, म्हणजे 1,310 डॉलर खिशातून गेले. ते एचएसएमधून दिले म्हणून टॅक्स तरी वाचला. फिजिओथेरपी एचएसए आणि एफएसए दोन्हींतून चालते. तेव्हा ज्यांच्याकडे वर्षाच्या उत्तरार्धात पाळणा हलणार आहे त्यांनी पहिली भेट डिसेंबरच्या आत ठरवावी. विमा कंपनीला फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: डॉक्टरांची चिठ्ठी लागते का, वर्षाला किती भेटी मिळतात, आणि पेल्व्हिक हेल्थ करणारी नेटवर्कमधली जवळची फिजिओथेरपिस्ट कोण. पन्नासही राज्यांत चिठ्ठीशिवाय निदान तपासणी करून घेता येते. विमा कंपनीचा नियम मात्र वेगळा असू शकतो. बाळाचे नाव पॉलिसीत घालायची साधारण 30 दिवसांची मुदत आहे, त्याच वेळी एफएसएची रक्कमही वाढवता येते का ते पाहावे. भेटींसाठी ऑफिसातून वेळ मागायला संकोचू नका. 2023 पासून लागू असलेला प्रेग्नंट वर्कर्स फेअरनेस कायदा प्रसूतीनंतरच्या दुखण्यांनाही लागू होतो, कंपनीत 15 किंवा जास्त माणसे असली की झाले. फ्रान्समध्ये बाळंतिणीला या व्यायामाची दहा सत्रे सरकारी विम्यातून मिळतात, हे ऐकून मी बराच वेळ चडफडले. असो.

हे सगळे मी एका रविवारी साताऱ्याला आईला फोनवर सांगत होते. ती गप्प झाली. मग म्हणाली, "अगं, मला तर तू झाल्यापासून तसंच आहे."

मी चौतीस वर्षांची आहे.

मग हळूहळू बाहेर आले. एस.टी.ने पुण्याला जायचे तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद. कीर्तनाला जागा नेहमी दाराशी. भिशीच्या सहलीला महाबळेश्वरला गेली नाही, कारण 'घाट लागतो'. तीन वर्षांपूर्वी आम्ही आई-बाबांना न्यू जर्सीहून नायगाराला नेले, तेव्हा सात तासांच्या प्रवासात तिने चहाचा घोटही घेतला नाही. मी समजत होते, दर डॉलरला ऐंशीने गुणण्याची तिची सवय. "सांगायचं होतंस ना आई," मी म्हटले. "काय सांगायचं? आणि कोणाला?"

तिच्या बरोबरीच्या दोघीतिघींचे तर अंगच बाहेर येते, असेही ती सहज म्हणाली. खाली जडपणा वाटणे, काहीतरी उतरल्यासारखे वाटणे, लघवीत रक्त किंवा जळजळ, शौचावर ताबा न राहणे, यांपैकी काहीही असेल तर व्यायामावर भागवू नये, डॉक्टरांना दाखवावे. आईवडील इकडे आलेले असताना घेतलेला व्हिजिटर विमा जुन्या दुखण्याला सहसा पैसे देत नाही, तेव्हा त्यांना तिकडेच, निघण्याआधी दाखवलेले बरे. आईने मी चार वेळा फोन केल्यावर साताऱ्यात एका लेडी डॉक्टरांना दाखवले. सुदैवाने झोळी फक्त सैल होती. तिचा सकाळचा चहा आणि माझे रात्रीचे बाळ झोपवणे एकाच वेळी येते, म्हणून आम्ही फोन चालू ठेवून आठ-आठ मोजतो. मध्येच ती "श्वास रोखू नकोस" म्हणून मलाच दटावते.

पाच महिन्यांनी मी फुगडी घातली, स्वयंपाकघरात, नवऱ्याबरोबर, आणि कोरडी राहिले. आईला शिंक आली की अजून थोडे होते. पण गेल्या आठवड्यात ती पुण्याला मावशीकडे गेली, आणि वाटेत एस.टी. थांबल्यावर तिने एक कटिंग चहा घेतला, असे तिने मला मुद्दाम फोन करून सांगितले.

यंदाच्या मंगळागौरीच्या तालमी पुढच्या महिन्यात सुरू होत आहेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी मला बाजूला घेऊन सांगावे, फिजिओथेरपिस्टचा नंबर देईन.