पिपेट आणि शेवटचा थेंब

ठरलेल्या मापाचे द्रव एका भांड्यातून दुसऱ्यात अचूकपणे नेण्यासाठी पिपेट वापरतात. मध्ये फुगीर आणि वरच्या नळीवर एकच खूण असलेले पिपेट 10 किंवा 25 मिलिलिटर असे एकच माप देते. सरळ नळीच्या, रेघा आखलेल्या पिपेटने हवे ते माप घेता येते, पण अचूकता थोडी कमी असते. ‘अ’ वर्गाच्या 10 मिलिलिटरच्या एकखुणी पिपेटमध्ये फक्त 0.02 मिलिलिटरची चूक चालते. म्हणजे अर्ध्या थेंबाइतकीही नाही.

पिपेट आधी स्वच्छ हवे. आतल्या काचेला थेंब चिकटून राहिले, तर ती तेलकट आहे असे समजावे. धुतल्यावर आत उरलेल्या पाण्याने द्रावण पातळ होते, म्हणून घ्यायच्या द्रावणानेच पिपेट दोन-तीनदा विसळावे. ज्यात द्रावण सोडायचे तो फ्लास्क मात्र केवळ ऊर्ध्वपातित पाण्याने विसळावा. द्रावणाने विसळल्यास त्याचा जादा अंश आत राहतो.

द्रव तोंडाने कधीही ओढू नये; रबरी फुगा वापरावा. तो बसवताना पिपेट वरच्या टोकाजवळ धरावे, नाहीतर काच मोडून हातात घुसते. टोक द्रवात बुडालेलेच ठेवावे, अन्यथा हवा शिरते. द्रव खुणेच्या वर आले की फुगा काढून तर्जनीने तोंड बंद करावे. अंगठ्याने तितके नियंत्रण राहत नाही. बाहेरची बाजू पुसून, पिपेट उभे व खूण डोळ्यांसमोर धरून, बोट किंचित सैल करत द्रव खाली आणावे. वक्र पृष्ठभागाचा तळ खुणेला टेकला की थांबावे. पोटॅशियम परमँगनेटसारख्या गडद द्रावणात तळ दिसत नाही, तेव्हा वरची कड पाहतात.

सोडताना फ्लास्क तिरपा करून टोक त्याच्या आतल्या भिंतीला टेकवावे. द्रव आपोआप उतरू द्यावे आणि त्यानंतर काही सेकंद थांबावे. टोकात उरणारा थेंब मापात धरलेला नसतो. तो फुंकून काढल्यास माप वाढते. वरच्या टोकाशी विशिष्ट पट्टे असलेल्या काही पिपेटमध्ये मात्र शेवटचा थेंबही फुंकून काढायचा असतो. म्हणून काचेवरील वर्ग, तापमान आणि पट्टे वापरण्यापूर्वीच वाचावेत.

उरलेले द्रावण मूळ बाटलीत परत ओतू नये. पिपेट लगेच धुऊन उभे ठेवावे.