कोवळ्या पोर्टची पारख

नोव्हेंबर १६१५. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो सुरतेहून निघून जहांगीर बादशहाच्या भेटीसाठी अजमेरला चालला होता. वाटेत बऱ्हाणपूर लागले. आमच्या नेपानगरहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसले की थोड्याच वेळात येणारे हेच ते बऱ्हाणपूर. बादशहाचा मुलगा परवेझ तेव्हा तिथे मुक्कामाला होता. रोने त्याला नजराण्यात मद्याच्या बाटल्यांची एक पेटी दिली. दरबार आटोपल्यावर खासगीत भेटू, असे शहाजाद्याने कबूल केले होते, पण ती भेट झालीच नाही. पेटी लगेच उघडली गेली आणि शहाजादा भेट देण्याच्या स्थितीत उरला नाही, असे रोने आपल्या रोजनिशीत नोंदवले आहे. पुढे १६२६ साली परवेझ याच शहरात अतिमद्यपानाने मेला. त्याच्याआधी त्याचा चुलता दानियाल याचाही दारूपायी इथेच अंत झाला होता.

हाती आलेले मद्य त्याच बैठकीत संपवायचे, ही एक रीत झाली. पोर्तुगालच्या दोरो खोऱ्यात याच्या अगदी उलट रीत आहे. तिथली व्हिंटेज पोर्ट बाजारात येते तेव्हा जाणकार तिचे दोन-चार घोट चाखतात, चव लिहून ठेवतात आणि उरलेल्या बाटल्या वीस-तीस वर्षांसाठी तळघरात आडव्या ठेवतात. ही कोवळी पोर्ट चाखणे म्हणजे काय, त्यातून नेमके काय कळते आणि आपल्या सातपुड्याने त्यातून काय घ्यावे, ते या लेखात पाहू.

पोर्ट होते कशी

दोरो नदीच्या दोन्ही अंगांना उभ्या चढणीचे डोंगर आहेत. पाटीसारख्या थरांच्या शिस्ट खडकात पायऱ्या खोदून तिथे द्राक्षबागा लावल्या आहेत. उन्हाळा कडक आणि माती नावापुरती, त्यामुळे वेलीची मुळे खडकाच्या फटींतून खोल उतरतात. तुरिगा नासियोनाल, तुरिगा फ्रांका, तिंता रोरिझ, तिंता बारोका आणि तिंतो काओ या तिथल्या मुख्य काळ्या जाती. पोर्तुगालचा मंत्री मार्केस द पोंबाल याने १७५६ साली या प्रदेशाची हद्द आखून दिली आणि ग्रॅनाइटचे खांब रोवून ती पक्की केली. मद्यासाठी कायद्याने हद्द आखलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या प्रदेशांत त्याची गणना होते.

साध्या वाईनमध्ये द्राक्षातली साखर आंबून जवळजवळ पूर्ण संपते. पोर्टमध्ये ती अर्ध्यावर थांबवतात. रस दोन-तीन दिवस आंबला की त्यात सुमारे ७७ टक्के अल्कोहोलचा द्राक्षाचा अर्क ओततात. प्रमाण ढोबळमानाने चार भाग रसाला एक भाग अर्क. एवढ्या तीव्रतेत यीस्ट मरते, उरलेली साखर तशीच राहते आणि सुमारे वीस टक्के अल्कोहोलचे गोड, जड मद्य तयार होते.

रस आंबायला असा मोजका वेळ मिळत असल्यामुळे सालीतला रंग आणि तुरटपणा घाईने काढून घ्यावा लागतो. त्यासाठी ‘लागार’ नावाचे ग्रॅनाइटचे उथळ हौद असतात. गुडघाभर द्राक्षांत माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहतात आणि संथ, एका तालात पावले टाकत रांगेने पुढे सरकतात. पहिला टप्पा शिस्तीचा असतो, नंतर वाद्ये वाजू लागतात आणि ज्याला जसे हवे तसे तो नाचतो. माणसाच्या पायाने साल फुटते, पण बी फुटत नाही, म्हणून बियांचा कडवटपणा रसात उतरत नाही. आज बऱ्याच ठिकाणी यंत्रांनी तुडवणी होते, पण उत्तम मद्यासाठी काही घराणी अजून पायांवरच भिस्त ठेवतात.

साल जाहीर करणे

पोर्टचे प्रकार अनेक. टॉनी पोर्ट वर्षानुवर्षे लाकडी पिंपात राहते आणि तिथेच फिकी, तांबूस होते. व्हिंटेज पोर्ट पिंपात दोनेक वर्षेच राहते आणि तिचे उरलेले आयुष्य बाटलीत जाते. ती एकाच सालच्या द्राक्षांची असते आणि गाळली जात नाही. एकूण पोर्टमध्ये तिचा वाटा अगदी थोडा.

दर साली व्हिंटेज निघत नाही. पीक चांगले आले, तरी मद्य दोन हिवाळे पिंपात ठेवून पुन्हा पुन्हा चाखतात. घराण्याला खात्री वाटली तर नमुना सरकारी पोर्ट संस्थेकडे जातो. तिथले परीक्षक तो चाखून मान्यता देतात आणि मग साल जाहीर होते. हे जाहीर करणे बहुधा वसंतात होते, आणि २३ एप्रिलच्या सेंट जॉर्ज दिनाला त्यासाठी विशेष मान आहे. बहुतेक घराण्यांनी एकत्र जाहीर केलेली साले दशकात साधारण तीनच भरतात. १९६३, १९७०, १९७७, १९९४, २०००, २००३, २००७ आणि २०११ ही त्यांतली नावाजलेली. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन साले जाहीर झाली, तेव्हा या व्यापारात ती मोठी बातमी ठरली.

जाहीर झाल्यावर मद्य बाटलीत भरले जाते आणि तेव्हाच व्यापारी, समीक्षक व संग्राहक यांच्यासाठी चाखणीच्या बैठका होतात. एका टेबलावर टेलर, फोन्सेका, ग्रॅहम, डाऊ, वॉर अशा घराण्यांचे एकाच सालचे ग्लास ओळीने मांडलेले असतात. हीच ती कोवळ्या पोर्टची पारख.

ग्लासात काय दिसते

आधी रंग. कोवळी व्हिंटेज पोर्ट इतकी गडद असते की ग्लासमागे धरलेला कागद दिसत नाही. ग्लास पांढऱ्या कापडावर तिरका केला की कडेला जांभळी झाक उमटते. काठाचा हा जांभळा रंग कोवळेपणाची खूण आहे. वयाबरोबर तो विटकरी होत जातो. ग्लास फिरवून थांबवला की काचेवर रंगाचा थर काही क्षण राहतो.

मग वास. काळ्या फळांचा दाट गंध आधी येतो, आणि तुरिगा नासियोनाल भरपूर असेल तर व्हायोलेट फुलांचा सुगंध वर तरंगतो. अर्क नीट मुरलेला नसेल तर नाकात झोंबतो. आधी हा अर्क सरकारी व्यवस्थेतूनच घ्यावा लागे. १९९० च्या दशकापासून घराण्यांना स्वतः निवडून चांगला अर्क घेता येऊ लागला, आणि तेव्हापासून कोवळ्या पोर्टमधली आग बरीच कमी झाली आहे.

शेवटी घोट. पहिल्या क्षणी गोडी आणि फळ जाणवते, आणि लगेच तुरटपणा येतो. कच्चे जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते तशी हिरडी आणि गालाची आतली बाजू कोरडी पडते. नवखा माणूस इथे तोंड वाकडे करतो. जाणकार मात्र याच तुरटपणाचा पोत तपासतो. तो बारीक आणि सलग असेल तर मद्य टिकेल. तो खरखरीत असून फळ पातळ असेल, तर फळ आधी संपेल आणि कोरडेपणा उरेल. गोडीखाली आंबटपणा हवा, नाहीतर मद्य पुढे चिकट होते. घोट गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती वेळ रेंगाळते, तेही पाहतात. बैठकीत वीस-वीस नमुने असतात, म्हणून थुंकणे हा तिथला शिष्टाचार आहे.

नमुन्यांची तुलना करायची असेल तर प्रत्येक ग्लासात थोडेच ओतावे, मद्य १६ ते १८ अंशांवर असावे आणि बाटली काही तास आधी उघडून हवा लागू द्यावी. पहिल्या फेरीत नुसता वास घेऊन टिपण करावे आणि घोट दुसऱ्या फेरीत घ्यावा. तासाभराने पुन्हा त्याच ग्लासांकडे वळावे. हवेत उघडत गेलेले मद्य सरस असते. हवेने पडत गेलेले मद्य पहिल्या भेटीत कितीही गोड वाटले, तरी त्यावर भरवसा ठेवू नये.

ही पारख बाजारात येताच का करायची, याचेही कारण आहे. पहिली काही वर्षे फळ भरात असते. त्यानंतर मद्य मिटते, वास दबतो आणि चव बोथट वाटते. ही अवस्था बरीच वर्षे चालते आणि त्या काळात बाटली उघडणाऱ्याच्या पदरी निराशाच येते. पंधरा-वीस वर्षांनी ते पुन्हा खुलते, तेव्हा तुरटपणा गाळ होऊन तळाशी बसलेला असतो. म्हणून ती एक तर अगदी कोवळी चाखावी, नाहीतर पूर्ण पिकल्यावर. कोवळी चाखण्याला आता प्रतिष्ठाही आली आहे. अमेरिकेच्या ‘वाईन स्पेक्टेटर’ मासिकाने २०१४ ची सर्वोत्तम वाईन म्हणून डाऊची २०११ ची व्हिंटेज निवडली, तेव्हा ती अवघी तीन वर्षांची होती.

गोव्याची पोर्ट आणि सातपुड्याचा मोह

मराठी माणसाला पोर्ट माहीत आहे ती गोव्याच्या दुकानांतली. पोर्तुगीजांनी १५१० ते १९६१ गोव्यावर राज्य केले, त्यांच्याबरोबर हे नाव आले आणि लोकांच्या तोंडी बसले. इथली पोर्ट वाईन भारतीय द्राक्षांची, गोड आणि लगेच प्यायची असते. दोरोची व्हिंटेज ही वेगळीच वस्तू आहे. गोव्याच्या बाटलीवरून तिची कल्पना करू नये, आणि गोव्याची बाटली तिच्या मापाने मोजूही नये. ज्यांना खरी व्हिंटेज आणून साठवायची असेल त्यांनी एक ध्यानात ठेवावे: तिला १२ ते १४ अंशांची स्थिर, अंधारी जागा लागते. आपल्याकडच्या चाळीस अंशांवरच्या मे महिन्यात उघड्या कपाटातली बाटली पिकत नाही, नासते.

आणि आपले स्वतःचे काय? नेपानगरभोवतीच्या सातपुड्यात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले गळतात. कोरकू, भिल, बारेला कुटुंबे ती टोपल्यांत वेचतात, वाळवतात, पाण्यात भिजवून आंबवतात आणि भट्टीवर चढवतात. त्यातून उतरणाऱ्या पहिल्या धारेची ख्याती सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण मोहाला राज्यकर्त्यांनी कायम संशयाने वागवले. मुंबई इलाख्यात तर १८९२ साली मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा कायदा झाला. मध्य प्रदेश सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून मान्यता देण्याची घोषणा केली आणि त्यानंतर अलिराजपूरच्या आदिवासींनी गाळलेली ‘मोंड’ बाजारात आली. हे पाऊल योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र बाटली आणि लेबल आल्याने काम संपत नाही. पोर्टला मोठेपण मिळाले ते हद्द आखल्यामुळे, साल लिहिल्यामुळे आणि कोवळी असतानाच चाखून तिची नोंद ठेवल्यामुळे. मोहाचेही हे करता येईल. कोणत्या जंगलातली फुले, कोणत्या सालचा बहर, किती दिवस आंबवली, पहिल्या धारेला कोणता वास होता, सहा महिन्यांनी आणि सहा वर्षांनी चव कशी बदलली, हे लिहिले पाहिजे. ते लिहिण्यात फुले वेचणाऱ्या आणि भट्टी लावणाऱ्या बायाबापड्यांचा शब्द पहिला असला पाहिजे, कारण ही जीभ त्यांची आहे.

नेपानगरच्या नेपा मिलने १९५५ पासून याच जंगलातल्या सलईच्या आणि बांबूच्या लगद्यातून देशाला वर्तमानपत्राचा कागद दिला. त्या कागदावर साऱ्या जगाच्या बातम्या छापल्या गेल्या. आता याच जंगलातल्या मोहाचीही नोंद कागदावर यावी. बचत गट, वनखाते आणि आमच्या भागातली महाविद्यालये यांनी येत्या मार्चपासून मोहाच्या चवीची वही सुरू करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.