लेबलापुढचे दोन ठिपके

मराठी लेखनात इंग्रजी वळणाची विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० साली प्रसिद्ध झाले. पुढील तपशिलाची सूचना देणारा अपूर्णविराम, म्हणजे एकाखाली एक दोन ठिपके, पुढे सरकारी नमुन्यांतही स्थिरावला. सातबाऱ्यावरील ‘तालुका :-’, ‘जिल्हा :-’ या मथळ्यांपुढे त्याच ओळीत हाताने मजकूर भरायचा असल्यामुळे मथळा कोठे संपतो हे सांगणारे चिन्ह तेथे आवश्यकच होते.

संगणकाच्या पडद्यावर हीच रीत लेबलांनी, म्हणजे माहिती भरण्याच्या चौकटीस दिलेल्या नावांनी, उचलली. विंडोजसाठीच्या १९९५ च्या मार्गदर्शिकेतही लेबलाच्या शेवटी अपूर्णविराम द्यावा असे सांगितले होते. मराठीत मात्र येथे निराळीच अडचण उद्भवली. १९८६ च्या इनस्क्रिप्ट कळफलकावर इंग्रजी अपूर्णविरामाच्या कळीवर ‘च’ आणि ‘छ’ आले, विसर्ग मात्र सहज हाताशी राहिला. त्यामुळे ‘नाव:’ऐवजी ‘नावः’ असे टंकन होऊ लागले. डोळ्यांना दोन्ही जवळजवळ सारखेच दिसत असले, तरी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षरचिन्हास स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या संकेतप्रणालीत, विसर्ग हा शब्दाचाच भाग असल्याने शोध आणि शब्दतपासणी या दोहोंत असे लेबल चुकीचे ठरते. ‘स्वतः’, ‘विशेषतः’ यांसारख्या शब्दांत अंती विसर्गच योग्य असल्यामुळे सरसकट यांत्रिक दुरुस्तीही शक्य नसते.

पुढे लेबल चौकटीच्या वर किंवा आत ठेवण्याची पद्धत रूढ झाली आणि अनेक रचनांतून अपूर्णविराम गळाला. मराठीपुरता हा बदल केवळ टापटिपीचा नसून वरील गोंधळाचे मूळच काढणारा आहे. पूर्णविरामाचा प्रश्न मात्र निराळा आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झाल्यावर अरुंद जागेसाठी ‘छ. संभाजीनगर’ हे संक्षिप्त रूप प्रचारात आले. ते कधी ठिपक्यानंतर जागा सोडून, तर कधी न सोडता लिहिले जाते, आणि यंत्राच्या लेखी ही दोन वेगळी नावे होतात. म्हणून जेथे चौकटीची मांडणीच चिन्हाचे काम करते तेथे ते गाळावे आणि जेथे चिन्ह नावातच मिसळते तेथे, विशेषतः निवडीच्या यादीत, पूर्ण नाव द्यावे, हाच या वाटचालीतून निघणारा व्यवहार्य दंडक होय.