घरचा केर आणि वावराचें खत

केराचें खत करण्याचा धडा आपल्या वर्धा जिल्ह्यास नवा नाहीं. १९३४ सालीं स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघानें तो वर्ध्याच्या मगनवाडींतून दिला. १९४६ पासून विनोबाजी पवनारहून रोज पायीं सुरगांवीं जाऊन स्वतः गांवसफाई करीत. तरीही आपले उकिरडे उघडेच आहेत. त्यांतील नत्र उन्हानें उडतें, उरलेलें पावसाबरोबर नाल्यास जातें. आणि तेंच नत्र आपण पिशवीनें विकत आणितों.

सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदुरास बसविलेली, १९३१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालेली रीत सोपी आहे. पालापाचोळा, पऱ्हाटीचा चुरा व घरचा ओला केर यांचा थर द्यावा. त्यावर शेणकाला, गोमूत्रानें भिजलेली माती व थोडी राख घालावी. असे थर रचून ओल राखावी व ढीग अधूनमधून वरखालीं करावा. सुमारें तीन महिन्यांत खत तयार होतें.

परंतु आजच्या केरांत प्लॅस्टिक आहे. तें कुजत नाहीं. खताबरोबर वावरांत जातें, गुरांच्या पोटांत सांचतें. तेव्हां निवड उकिरड्यावर नव्हे, घरांतच व्हावी: ओल्या केरास एक टोपली, सुक्यास दुसरी. फवारणीच्या औषधांचे डबे तर दोहोंपासूनही दूर ठेवावे.

हें एका घराचें काम नव्हे. शेजाऱ्याची पिशवी वाऱ्यानें आपल्याच धुऱ्यावर येते. म्हणून वाचकांनीं प्रथम आपल्या आळींत हा नियम घालून घ्यावा, अशी आमची विनंती आहे.